मंडळीचा निरोप घेताना: बदली झालेल्या पाळकांसाठी

बदलीचं पत्र हातात पडल्यापासून सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) घरात शाळेचे दाखले, गॅसचं कनेक्शन आणि खोकी ह्यांचीच धांदल असते. निरोपाचे शब्द मग शेवटच्या शनिवारी रात्री लिहिले जातात आणि रविवारी मंडळी (चर्चचा सभासदवर्ग) ऐकते ते असं: "आपण सर्वांनी खूप प्रेम दिलंत, काही चुकलं असल्यास माफी असावी, प्रार्थनेत आठवण ठेवा." ह्यात खोटं काहीच नाही. पण हेच शब्द भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या मंडळीला चालतात आणि नवापूरकडच्या पाड्यावरच्या मंडळीलाही चालतात, म्हणजे ते दोघींपैकी कोणासाठीच लिहिलेले नाहीत.

निरोपात दोन कामं व्हायला हवीत. ज्यांनी जे केलं त्याचे नेमके आभार मानायचे, आणि मंडळी देवाच्या व पुढच्या पाळकांच्या हाती खरोखर सोपवायची. पहिलं काम कष्टाचं आहे, दुसरं अवघड. दोन्हींची तयारी आठ आठवडे आधी सुरू करा.

बातमी कशी सांगायची

आधी पंचांना (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना), आणि सगळे एकत्र बसलेले असताना. एकाच्या कानावर सोमवारी, दुसऱ्याच्या गुरुवारी असं झालं की "आम्हाला कोण विचारतो" ही कुरबुर सुरू होते आणि ती तुमच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरते. त्यानंतरच्याच रविवारी मंडळीला सांगा. सूचनांच्या यादीत, स्त्री संघाची बैठक आणि लाइट बिलाच्या मध्ये नको. शेवटच्या आशीर्वादाच्या आधी, दोन मिनिटं. ग्रुपवरचा मेसेज त्यानंतर.

तीन गोष्टी सांगितल्या की पुरे: शेवटच्या उपासनेची तारीख, बदली कोणी ठरवली, आणि मधल्या काळात कोण पाहील. "देवाने मला मोठ्या सेवेसाठी बोलावलंय" हे वाक्य टाळा. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं की आमच्यातली सेवा लहान होती.

तारीख

बहुतेक बदल्या शाळांमुळे मे-जूनमध्ये होतात, आणि खानदेशात हेच दिवस अडचणीचे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखाली साडेअकराला भाषणं चालू असतील तर म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया उठून जातात, आणि निरोप ज्यांना द्यायचा तेच नसतात. उपासना आठला सुरू करा, सत्कारासह सगळं साडेदहाच्या आत आटपा. लग्नाची तिथी त्या रविवारी नाही ना, हे पंचांकडून तपासून घ्या. आणि शेतकरी मंडळी असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यापुढे जाऊ नका. एकदा पाऊस पडला की कपाशी-मक्याच्या पेरणीपुढे कोणाचाच इलाज नसतो. होळीच्या आठवड्यात सातपुड्याकडच्या गावांत कार्यक्रम ठेवू नका, माणसं बाजाराला आणि पाहुण्यांकडे गेलेली असतात.

नवापूर, अक्कलकुवा, धडगाव ह्या भागात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि तीच हमखास राहून जाते. कित्येक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बदली मधल्या महिन्यांत झाली तर मंडळीचा मोठा भाग उसाच्या फडात असतो. ती माणसं गावी येतात तेव्हा पाळकाच्या घरात दुसरंच कोणी राहत असतं, आणि ज्याने मुलाचा बाप्तिस्मा केला तो न सांगता गेला, ही खंत त्यांना वर्षानुवर्षं राहते. ह्यावर उपाय आहे. शक्य असेल तर एक संध्याकाळ काढून त्यांच्या कोप्यांवर (फडाजवळच्या झोपड्यांवर) जा; जमत नसेल तर प्रत्येक कुटुंबाला वेगळा आवाजी मेसेज पाठवा, दोन-तीन मिनिटांचा, घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन, शेवटी प्रार्थना करून. लिहिलेला मेसेज नको. घरातल्या ज्या आजींना वाचता येत नाही, त्यांनाच बहुधा तो सगळ्यात जास्त हवा असतो.

एका पाळकाकडे पाच-सहा पाडे असतील तर प्रत्येक पाड्याला त्याची स्वतःची संध्याकाळ द्या, रात्री साडेआठनंतर, जेवणं उरकल्यावर, अर्धा-पाऊण तास. "मुख्य चर्चमध्ये सगळ्यांनी या" असं म्हटलं की येऊ शकणारेच येतात.

शेवटच्या महिन्यातल्या भेटी

सगळ्या घरी जाणं मोठ्या मंडळीत शक्य होत नाही. निदान ही घरं सोडू नका: अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, ज्यांच्या घरी तुमच्या काळात मृत्यू झाला ते, आणि ज्यांच्याशी तुमचं बिनसलं ते. प्रत्येक घरी वीस मिनिटं, एक लहान शास्त्रपाठ, प्रार्थना. चहा घ्यावाच लागतो, म्हणून एका दिवसात चार घरांपेक्षा जास्त ठरवू नका.

ज्यांच्याशी बिनसलं त्यांची भेट पहिल्याच आठवड्यात घ्या. शेवटच्या आठवड्यात गेलात आणि समोरचा माणूस रागाने बोलला, तर पुन्हा जायला दिवस उरत नाहीत. तिथे मोघम माफी मागू नका. काय झालं ते म्हणा: "पंचांच्या बैठकीत मी तुम्हाला सगळ्यांसमोर टाकून बोललो. ते चुकलं. मला क्षमा करा." पुढे "पण" लावला की माफी तिथेच संपली. लगेच उत्तराची अपेक्षाही ठेवू नका. आणि ही भेट झाली ह्याचा उल्लेख पुलपिटावरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) कधीच करू नका, चांगल्या हेतूनेसुद्धा.

ह्याच महिन्यात उधारी फेडा: किराणा, दूध, पेपर, मेडिकल. बायबलमधला शमुवेल संदेष्टा लोकांचा निरोप घेताना विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं (१ शमुवेल १२:३). दुकानदाराच्या वहीत नाव असेल तर तो शास्त्रपाठ वाचता येणार नाही. मंडळीतल्या कोणाकडून हातउसने घेतलेले असतील तर ते सगळ्यात आधी.

निरोपाचे शब्द

संदेश (रविवारचं प्रवचन) वेगळा आणि निरोपाचे शब्द वेगळे. संदेश नेहमीसारखा शास्त्रावर असू द्या, पंधरा-अठरा मिनिटांचा. निरोपाला सात मिनिटं. सावकाश वाचताना मराठीत मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, तेव्हा सातशे शब्द लिहा आणि त्यापुढे एकही नको. कागदावर मोठ्या अक्षरात, दोन ओळींत मोकळी जागा सोडून लिहा. "मनातून बोलेन" म्हणणाऱ्याचा गळा तिसऱ्या मिनिटाला दाटून येतो, आणि मग तोंडातून बाहेर पडतात ती नेहमीचीच वाक्यं.

लिहायला बसताना माणसांची यादी करू नका, कामांची करा. जुनी डायरी, सभासदांचं रजिस्टर आणि जमाखर्चाची वही समोर घ्या आणि तुमच्या वर्षांतली कामं आठवा. घंटा कोण वाजवायचं? प्रभुभोजनाचे (भाकर-द्राक्षरसाच्या विधीचे) प्याले कोण धुवायचं? पेटी आणि ढोलक कोण वाजवायचं? शब्बाथ शाळेची (मुलांच्या रविवारच्या वर्गाची) चित्रं कोणी कापून चिकटवली? दफनासाठी रात्री खड्डा खणायला कोण गेलं? दानार्पणाचे सुटे पैसे मोजून, गठ्ठे बांधून सोमवारी बँकेत कोण घेऊन जायचं? अशी वीस-पंचवीस कामं निघतात. त्यांतली आठ-दहा निवडा, आणि निवडताना दिसणाऱ्या कामांपेक्षा न दिसणारी जास्त घ्या. वर्गणी देणाऱ्यांचे आभार आधी आणि झाडू मारणारीचे शेवटी, असा क्रम लागला असेल तर तो उलटा करा.

नावांचा प्रश्न इथेच येतो. बारा नावं घेतली की तेरावा दुखावतो, आणि लहान मंडळीत ते दुखणं त्याच्या सगळ्या भावकीत पसरतं. त्यामुळे जिवंत माणसांची नावं घेऊ नका. काम सांगा, ज्याचं त्याला कळतं आणि शेजाऱ्यालाही कळतं. जे प्रभूत झोपी गेले आहेत त्यांची नावं मात्र जरूर घ्या, रजिस्टरातून तपासून, एकही न वगळता. तुमच्या काळात ज्यांचं दफन झालं त्यांची नावं निरोपाच्या दिवशी मोठ्याने वाचली गेली, ही गोष्ट घरची माणसं विसरत नाहीत.

एक नमुना पाहा. "चर्चच्या स्वच्छतेत ज्यांनी हातभार लावला त्यांचे आभार" हे आपण नेहमी म्हणतो. तेच असं लिहिता येईल:

"जोराचा पाऊस झाला की मागच्या दाराने पाणी आत यायचं. मी रविवारी सातला कुलूप काढायला यायचो तेव्हा फरशी पुसलेली असायची आणि चटया ओट्यावर वाळत घातलेल्या असायच्या. मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. ज्यांनी हे केलं त्यांचे मी आज देवासमोर आभार मानतो. तुमच्यामुळे आमची म्हातारी माणसं कोरड्या जागी बसून देवाची स्तुती करू शकली."

बघा, ह्यात कौतुकाचं एकही विशेषण नाही. काय केलं, कधी केलं, त्याने कोणाचं भलं झालं, एवढंच आहे. प्रत्येक कामाला अशी तीन-चार वाक्यं दिली तर आठ कामांत तीनशे-साडेतीनशे शब्द जातात. उरलेल्यात बाकीचं.

सुरुवात देवाच्या उपकारस्तुतीने करा. फिलिप्पै १:३-६ ह्यासाठी फार चांगला पाठ आहे, कारण तिथे प्रेषित पौल आभार मानतो आणि त्याच श्वासात म्हणतो की सुरू झालेलं काम देव पुरं करील. कामांच्या आभारांनंतर क्षमा, पण दोनच वाक्यं, कारण खरी क्षमा भेटींत मागून झालेली असते. मग पत्नी आणि मुलं. बाईंनी महिला मंडळ चालवलं, बाळंतिणींना डबे नेले, रात्री-बेरात्री दार उघडलं, आणि ह्यातल्या कशाचाच पगार नव्हता. ते मंडळीसमोर म्हणा. त्यांना स्वतः बोलायचं असेल तर त्यांचा वेळ वेगळा धरा, तुमच्या सात मिनिटांत कोंबू नका.

त्यानंतर सोपवणं. प्रेषितांची कृत्ये २०:१७-३८ हा पूर्ण उतारा आधी आठवडाभर वाचत राहा. मिलेतात इफिसच्या मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलावून पौल काय काय करतो ते क्रमाने पाहा: आपण कसे वागलो ते आठवून देतो, पुढचे धोके सांगतो, त्यांना देवाच्या आणि त्याच्या वचनाच्या हाती देतो, कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही म्हणतो, आणि गुडघे टेकून प्रार्थना करतो. "मी पुन्हा येईन, काळजी करू नका" असं तो म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका. "तुमच्यासारखी मंडळी मला पुन्हा मिळणार नाही" हेही नको; ते खरं वाटत असलं तरी त्याने मंडळी तुमच्याशी बांधली जाते. त्याऐवजी येणाऱ्या पाळकांचं नाव आदराने घ्या आणि एक ठोस विनंती करा: "पहिल्या महिन्यात त्यांना आपापल्या घरी बोलवा. आधीचे साहेब असं करायचे, असं त्यांना सांगू नका." लावणारा वेगळा, पाणी घालणारा वेगळा, वाढवणारा देव (१ करिंथ ३:६), हे तुम्ही इतकी वर्षं शिकवत आलात.

एखादं वाक्य लोकांच्या घरच्या बोलीत म्हणा. अहिराणी मंडळीत "देव तुमले सुखमा ठेवो" एवढं म्हटलं तरी मागच्या चटईवरच्या आजी मान वर करतात. मावची, भिली किंवा (आदिवासींची) कोकणी बोलणाऱ्यांत असाल तर वाक्य आधी एखाद्या वडीलधाऱ्याकडून म्हणून घ्या आणि पाठ करा. संपूर्ण भाषण बोलीत करायचा अट्टहास नको, ती बोली तुमची स्वतःची नसेल तर.

काय लिहू नये तेही सांगायला हवं. कोणी तुमच्याजवळ खासगीत सांगितलेलं काहीही नको, नाव न घेता सुद्धा. गावात ओळखायला वेळ लागत नाही. थकलेला पगार नको. बांधकामाचे आकडे एका वाक्यात. "माझ्या काळात" हा शब्दप्रयोग कागदावर दिसला की खोडा.

मन कडू झालेलं असताना जावं लागत असेल, तर शब्द कमी करा. खोटं गोड बोलू नका, मंडळीला ते कळतं, टोमणाही नको. ज्या तीन-चार गोष्टींसाठी तुम्ही मनापासून कृतज्ञ आहात तेवढ्याच सांगा. इतक्या वर्षांत तीन-चार गोष्टी निघतातच: कोणीतरी आजारपणात भाकरी आणली, कोणीतरी मुलाला शाळेत सोडलं. तीन मिनिटांचा खरा निरोप पुरतो.

उपासनेचा क्रम

निरोपाचे शब्द संदेशानंतर आणि प्रभुभोजनाच्या आधी ठेवा. क्षमा, आभार, मग एकाच मेजाशी येणं, हा क्रम बरोबर आहे. प्रभुभोजनानंतर पंचांपैकी एक जण मंडळीच्या वतीने पाच मिनिटं उत्तर देईल. मग तुम्ही चर्चच्या किल्ल्या आणि पुलपिटावरचं पवित्र शास्त्र त्यांच्या हाती द्याल, वडील मंडळी तुमच्यावर व कुटुंबावर हात ठेवून प्रार्थना करतील, आणि तुम्ही शेवटचा आशीर्वाद द्याल (गणना ६:२४-२६). आशीर्वादानंतर पुन्हा माइक हातात घेऊ नका.

वाचताना आवाज अडला तर थांबा, पाणी प्या, पुढची ओळ वाचा. घरच्यांकडे पाहू नका. कागद आधी दोनदा मोठ्याने वाचलेला असेल तर कुठे अडणार हे माहीत असतं. तिथे पेनने खूण करून ठेवा.

सत्कार, थैली आणि पंगत

सत्कार उपासनेत मिसळू नका, नंतर वेगळा ठेवा. बोलणारे पाच, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि त्यांत एक तरुण संघाचा व एक शब्बाथ शाळेचं मूल असावं. वेळ सांभाळायला पंचांपैकी कडक माणूस नेमा.

थैलीसाठी (निरोपाच्या पैशांच्या भेटीसाठी) घरोघर वर्गणी फिरवू नये, हे पंचांना आधीच स्पष्ट सांगा. ज्याच्याकडे नाही तो उपासनेलाच येत नाही. त्याऐवजी दारात एक बंद पेटी ठेवतात, ते चांगलं. मिळालेलं पाकीट तिथे उघडू नका, आकडा जाहीर करू देऊ नका. टॉवेल-टोपी, बाईंना साडी किंवा ब्लाउजपीस, पाड्यावरून आलेली तूरडाळ, तांदूळ, कोंबडी हे मात्र प्रत्येकाच्या हातून स्वतः घ्या, दोन्ही हातांनी, त्याच्याकडे पाहून. "कशाला उगाच" म्हणू नका.

पंगतीला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी सोपी पडते. शंभर माणसांना बट्टीचं जाडसर पीठ बारा किलो, तूरडाळ पाच किलो, वांगी बारा किलो, तूप दोन किलो हा अंदाज धरा. दरवेळी होतं असं की स्वयंपाक करणाऱ्या बायाच निरोपाला मुकतात. म्हणून बट्ट्या पहाटे वाफवून घ्या, भाजी-वरण पावणेआठला उतरवा, गॅस बंद करून सगळ्यांनी आत या, आणि बट्ट्या कापून तळण्याचं काम सव्वादहाला सुरू करा. आधी तळून ठेवल्या तर त्या चिवट होतात, तेव्हा चवीसाठीही हाच क्रम बरा.

वह्या, किल्ल्या आणि कागद

आभाराइतकंच हेही प्रेमाचं काम आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ह्या तिन्ही रजिस्टरांत शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढा, "येथवरच्या नोंदी तपासल्या" असं लिहून तारीख घाला, तुमची आणि एका पंचाची सही घ्या. चाळीस वर्षांनी कोणीतरी आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येतो, तेव्हा ह्या सहीची किंमत कळते. जुन्या नोंदींत "पश्चिम खानदेश" किंवा "पूर्व खानदेश" असं दिसेल, कारण १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे असे दोन भाग झाले. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. जुनी नोंद आजच्या जिल्ह्याप्रमाणे "दुरुस्त" करू नका.

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ खाली लग्न लावण्याचा परवाना पाळकाच्या वैयक्तिक नावाने असतो. तो तुमच्याबरोबर जातो. नव्या पाळकांकडे नसेल तर ठरलेली लग्नं अडतात, म्हणून पुढच्या तीन महिन्यांत ज्यांच्या तारखा आहेत त्यांना आणि पंचांना आत्ताच सांगा. तुम्ही लावलेल्या लग्नांची प्रमाणपत्रं महिन्याच्या आत विवाह निबंधकांकडे जायला हवीत. राहिलेली असतील तर जाण्याआधी पाठवा.

बँकेतल्या सह्या बदलायला पंचांचा ठराव आणि केवायसी लागतं, म्हणून ठराव महिनाभर आधी करून घ्या. सही केलेले कोरे चेक मागे ठेवू नका, कितीही विश्वासाची माणसं असली तरी. तुम्ही ट्रस्टवर विश्वस्त असाल तर बदलाचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, दफनभूमीचा नकाशा, लाइट-पाणी बिलं, कपाटांच्या किल्ल्या ह्यांची यादी दोन प्रतींत करून पोच घ्या.

नव्या पाळकांसाठी दोन पानांचं टिपण ठेवा: कोण आजारी आहे, बाप्तिस्म्याच्या वर्गात कोण आहे, कोणत्या पाड्याला कोणत्या दिवशी जातात, पावसात कोणता रस्ता बंद होतो. कोण त्रास देतं ते लिहू नका. त्या माणसाला नव्या पाळकांकडे पहिल्या दिवसापासून चांगलं नाव मिळू द्या. समुपदेशनाच्या खासगी नोंदी कोणालाही देऊ नका, जाळून टाका.

गेल्यावर

ग्रुपची ॲडमिनशिप पंचांकडे द्या आणि आठवडाभराने सलाम करून बाहेर पडा. प्रार्थना करत राहा. शमुवेलाने तर ती न करणं हे पाप म्हटलंय (१ शमुवेल १२:२३). पण निदान एक वर्ष तिथे संदेश द्यायला जाऊ नका. फोन येतीलच, विशेषतः भांडण झालं की. तब्येत, मुलं, शेती ह्यांबद्दल मनापासून बोला. नव्या पाळकांची तक्रार सुरू झाली की "हे त्यांच्याशीच बोला" एवढंच म्हणा, प्रत्येक वेळी, प्रत्येकाला. लग्नाचं किंवा दफनाचं बोलावणं आलं तर: "तुमच्या पाळकसाहेबांना विचारा. त्यांनी मला बोलावलं तर येईन, आणि विधी तेच करतील, मी फक्त प्रार्थना करीन." दाखल्यासाठी फोन आला तर रजिस्टर जिथे आहे तिथलाच नंबर द्या.